सातबारा जोडून प्रवेश घेतलेला आमचा वर्ग : दहा वर्षांनंतरची हजेरी

वाफसा | ३ ऑगस्ट २०२५, रात्री ९.४०

मित्रमैत्रिणींनो,

२०११ साली राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका खाजगी महाविद्यालयात आपण ६० जण बी.एस्सी. कृषीला दाखल झालो आणि २०१५ च्या उन्हाळ्यात पदवी घेऊन बाहेर पडलो. प्रवेश अर्जाला वडिलांच्या नावचा सातबारा जोडला की वाढीव गुण मिळत असत, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांच्या यादीतील क्रमांकामागे घरची जमीन उभी होती. त्याच सातबाऱ्याच्या बळावर आत आलेल्या वर्गाला शेतीपासून शक्य तितके दूर जायचे होते, ही गंमत तेव्हा कोणाच्या लक्षात आली नाही. पदवी हातात पडली ते वर्षही सलग दुसऱ्या दुष्काळाचे होते. पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा आपल्यातले निम्मे जण पुण्याच्या अभ्यासिकांमध्ये मृदाशास्त्राची टिपणे पाठ करत होते.

दहा वर्षे झाली, म्हणून ही हजेरी. मोबाइलवरच्या आपल्या गटात वाढदिवस आणि 'अभिनंदन' यांपलीकडे काही उरलेले नाही. इथे पदाचे नाव आणि पगाराचा आकडा लिहू नये, सकाळपासून संध्याकाळपर्यंत नेमके काय काम करता ते लिहावे, एवढीच विनंती आहे. खरी नावे, महाविद्यालयाचे नाव आणि गाव टाळू या.

माझ्यापासून सुरुवात करते. बँकेची कृषी अधिकारी पदाची परीक्षा दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले आणि गेली आठ वर्षे मराठवाड्यातल्या तालुक्याच्या ठिकाणी शाखेत आहे. जून उजाडला की शाखेत पाय ठेवायला जागा नसते. मागच्या वर्षीचे पीककर्ज भरायचे आणि चार दिवसांनी नव्या मर्यादेने पुन्हा उचलायचे, याला आमच्याकडे नवे-जुने करणे म्हणतात. ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला ७ टक्के दर आहे, वेळेत फेडणाऱ्याला केंद्राची ३ टक्के सवलत मिळते आणि उरलेला भार राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना उचलते, म्हणजे कागदावर व्याज शून्य होते. प्रत्यक्षात त्या चार दिवसांपुरती रक्कम गावातल्या सावकाराकडून दिवसाच्या हिशेबाने आणणारे खातेदार मला दर हंगामात भेटतात. त्यांच्याशी काय बोलावे, हे कोणत्याही सत्रात शिकवलेले नव्हते.

---

छाटणी | ३ ऑगस्ट, रात्री ११.१५

तू धागा काढलास हे बरे केलेस. मी मागच्या बाकावर बसून कीटकसंग्रहाच्या पेटीत दुसऱ्यांची फुलपाखरे लावणारा, एवढ्यावरून ओळख पटेल.

बियाणे कंपनीत तीन वर्षे विक्रीचे काम केले. मोटारसायकलवर महिन्याला तीन-साडेतीन हजार किलोमीटर होत असत आणि 'लक्ष्य' हा शब्द ऐकला की पोटात गोळा येई. २०१८ मध्ये वडिलांचे गुडघे गेले आणि मी निफाडकडच्या आमच्या सव्वाचार एकर थॉमसन जातीच्या द्राक्षबागेत परत आलो. परत आलो म्हणजे काही ठरवून शेतीकडे वळलो, असे कोणी समजू नये.

ज्यांचा द्राक्षाशी संबंध नाही, त्यांच्यासाठी सांगतो. वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, तिच्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांत काडीच्या डोळ्यांमध्ये घड तयार होतो, पण तो दिसत नाही. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी केली म्हणजे तो बाहेर येतो. अर्थात, ऑक्टोबरमध्ये बागेत जे दिसते त्याचा निकाल मे-जूनच्या उन्हात आधीच लागलेला असतो. यंदा मे महिन्यातच पाऊस कोसळला, ऊन मिळाले नाही, आणि माझ्या काड्यांत किती घड आहेत हे मला आज ठाऊक नाही. प्रयोगशाळेत काड्या पाठवून डोळे तपासून घेणार आहे.

दोन वर्षांचा हिशेब मनातून जात नाही. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पावसाने फुलोऱ्यातले घड कुजवले. आम्ही छाटणी उशिरा केली होती, म्हणून अर्धी बाग वाचली. वाचलेला माल मार्च २०२० मध्ये काढणीला आला आणि टाळेबंदी लागली. व्यापारी फोन उचलेनात. तेव्हा सांगलीकडच्या एका ओळखीच्या बागायतदाराला विचारून पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग तेलाच्या द्रावणात घड बुडवले, शेडनेटखाली जाळ्या बांधल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा बेदाणा केला. रंग काळपट आला. तो बेदाणा आमच्याकडे दोन दिवाळ्या पुरून थोडा उरला.

पदवीचा उपयोग विचारशील, तर औषधाच्या डब्यावरचा घटक वाचता येतो आणि काढणीआधी फवारणी किती दिवस थांबवायची ते समजते. युरोपला जाणाऱ्या मालातील औषधांच्या उर्वरित अंशाचा अहवाल हातात आला की तो मला कोणाला विचारावा लागत नाही. शेजारचे चार बागायतदार त्यांचे अहवाल घेऊन माझ्या ओट्यावर येतात. एवढे पुष्कळ आहे.

एक तक्रार मात्र इथेच मांडतो. २०२१ मध्ये पीककर्जासाठी एका बँकेत गेलो, तर पतगुणांकन कमी म्हणून अर्ज परत आला. वडिलांनी २०१७ च्या कर्जमाफीची वाट पाहत हप्ता थांबवला होता, ती थकबाकी सामाईक खात्यामुळे माझ्याही नावामागे लागली. तुमच्या लोकांना हे दिसत नाही का?

---

वाफसा | ४ ऑगस्ट, सकाळी ७.०५

दिसते. २०१७ ची दीड लाखापर्यंतची आणि डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेली २ लाखांपर्यंतची, अशा दोन्ही कर्जमाफ्यांच्या याद्या मी शाखेत बसून तपासल्या आहेत. माफी होणार, अशी कुजबुज सुरू झाली की वेळेत भरणारा माणूसही थांबतो आणि त्याला वेड्यात काढता येत नाही, कारण शेजाऱ्याचे माफ झालेले त्याने पाहिलेले असते. मात्र माफी मिळाली तरी थकबाकीची नोंद पतइतिहासात राहते, आणि यादीत नाव आले नाही तर माणूस दोन्हीकडून जातो. पीककर्जाला पतगुणांकन मागू नये, असे राज्य सरकारने बँकांना वारंवार बजावले आहे. शाखेतला माणूस मात्र उद्याच्या थकबाकीचे उत्तर आपल्याला द्यावे लागेल, या भीतीने ते पाहतोच, आणि मीही पाहते. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण हजेरीत खोटे लिहायचे नाही, असे मीच ठरवले आहे.

---

बांधावरून | ४ ऑगस्ट, दुपारी २.२०

पंचायत समितीच्या बैठकीत मागे बसून लिहिते आहे.

सातव्या सत्रात आपल्याला गावोगावी पाठवले होते, मुलांना कृषिदूत आणि मुलींना कृषिकन्या म्हणत. बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक करून आपण वर्तमानपत्रासाठी फोटो काढला होता. त्या फोटोत मी सोयाबीनला जिवाणूसंवर्धक चोळत आहे, आणि गेली सात वर्षे लातूर विभागात मी तेच करत आहे, फक्त फोटो आता जिओटॅग करावा लागतो.

मी कृषी सहायक म्हणून लागले. यंदा आमचे पदनाम बदलून सहायक कृषी अधिकारी झाले, गावात मात्र 'मॅडम' हेच चालते. माझ्याकडे पाच गावे आहेत. दिवसाचा मोठा भाग महाडीबीटी या राज्याच्या अनुदान संकेतस्थळावरील अर्जांत जातो : ठिबक, तुषार, अवजारे, शेततळे. सोडतीत नाव आले, पण पूर्वसंमतीआधीच शेतकऱ्याने वस्तू विकत घेतली, म्हणून अनुदान अडले, असे महिन्यातून एकदा तरी घडते. घरी येऊन भांडणाऱ्याला नियम समजावताना माझा आवाज चढतो आणि नंतर वाईट वाटते. ई-पीक पाहणी, म्हणजे पेरलेल्या पिकाची सातबाऱ्यावरची नोंद, २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवर करायची आहे. साठीच्या पुढच्या माणसाला ते जमत नाही, म्हणून नातू सापडेपर्यंत तो माझी वाट अडवतो.

मला एका कामाबद्दल सविस्तर लिहायचे आहे, कारण बाहेर ते कोणाला माहीत नसते. पीक कापणी प्रयोग म्हणजे, महसूल मंडळातील गावांमधून यादृच्छिक पद्धतीने शेत निवडायचे, त्या शेतात ठरावीक मापाचा चौकोन दोरीने आखायचा, त्यातले पीक कापायचे, मळायचे, वजन करायचे. त्या वजनांच्या सरासरीवरून मंडळाचे उत्पादन ठरते आणि ते उंबरठा उत्पादनाच्या, म्हणजे मागच्या वर्षांवरून ठरवलेल्या किमान पातळीच्या, खाली गेले, तरच विम्याची भरपाई मिळते. २०२३ पासून विमा एक रुपयात होता, त्यात अतिवृष्टी आणि काढणीपश्चात नुकसानीची वैयक्तिक तक्रारही करता येत होती. यंदाच्या खरिपापासून शेतकऱ्याला २ टक्के हप्ता आहे आणि भरपाई या प्रयोगांवर अवलंबून आहे. म्हणजे माझ्या दोरीचा चौकोन चांगल्या पिकावर पडला, तर खालच्या अंगाच्या पाणथळ शेतांना काही मिळणार नाही. मागच्या वर्षीपर्यंत प्रयोगाला दोन-तीन माणसे जमत, यंदा ऑक्टोबरमध्ये सगळे गाव जमेल, असे दिसते. संख्याशास्त्राचा पेपर मी दुसऱ्यांदा देऊन सोडवला होता, याची आठवण कृपया कोणी काढू नये.

लग्न झाले, मुलगी चार वर्षांची आहे, नवरा दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला आहे. आंतरजिल्हा बदलीचा अर्ज केला आहे.

---

खोडवा | ६ ऑगस्ट, पहाटे ५.३०

दोन दिवस हा धागा वाचतो आहे आणि लिहावे की नाही, हे ठरत नव्हते. मोबाइलवरच्या गटातून मी २०१९ मध्ये बाहेर पडलो, तेव्हा कोणी कारण विचारले नाही, आणि त्याबद्दल मी आभारी आहे.

पदवीनंतर राज्यसेवा आणि कृषिसेवा परीक्षांसाठी सहा वर्षे पुण्यात काढली. सदाशिव पेठेत एका खोलीत पाच खाटा होत्या. अभ्यासिकेची जागा महिन्याच्या भाड्याने आणि एक वेळची मेस. कृषिसेवेची मुख्य परीक्षा तीनदा दिली आणि एकदा मुलाखतीपर्यंत गेलो. दर वेळी थोड्या गुणांनी राहिले की पुढच्या जाहिरातीपर्यंत थांबावेसे वाटते, आणि जाहिरात कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. घरून वडील दर महिन्याला पैसे पाठवत. उसाचे बिल आले की माझे पैसे येत, त्यामुळे कारखान्याचे बिल कधी निघाले हे मला पुण्यात बसून समजत असे.

त्या काळातली एक गोष्ट कबूल करतो. कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी कृषी किंवा विज्ञान शाखेची पदवी आवश्यक झाली, तेव्हा एका दुकानदाराने माझे पदवी प्रमाणपत्र वर्षाच्या बोलीने घेतले. परवान्यावर माझे नाव होते, आणि दुकानात मी वर्षातून एकदा सहीपुरता जात असे. त्या पैशांतून चार महिन्यांची मेस निघत असे. एकदा गेलो असता कोणत्या पिकावर कोणते औषध चालते हे माहीत नसलेला मुलगा गल्ल्यावर बसून भेंडीसाठी भलतेच औषध देत होता आणि त्याच्या डोक्यावर चौकटीत माझे प्रमाणपत्र लटकत होते. त्या दिवशी मी ते उतरवून आणले. धैर्य म्हणावे, तर त्याआधी तीन वर्षे मी पैसे घेतलेच होते.

२०२१ पासून कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्याच्या शेती विभागात ॲग्री ओव्हरसियर आहे. आमच्या गटात साधारण दीडशे शेतकऱ्यांच्या ऊस नोंदी आहेत. जुलै-ऑगस्टची लागण ती आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी, जानेवारी-फेब्रुवारीची सुरू, आणि तोडीनंतर त्याच बुडख्यातून येतो तो खोडवा. या नोंदींवरून तोडणीचे पाळीपत्रक बनते. नोव्हेंबरपासून माझा फोन पहाटे चारला वाजतो. कोणाच्या उसाला तुरा आला, कोणाची तोडणी मजुरांची टोळी अर्ध्यातून उठून गेली, कोणाच्या फडातून ट्रॅक्टर निघत नाही. टोळीचा मुकादम 'खुशाली', म्हणजे वरचे पैसे, मागतो, ती दिली नाही तर कोयता थांबतो. शेतकरी मला विचारतो की तुम्ही काय करता, आणि मुकादम विचारतो की उचल (आगाऊ रक्कम) घेऊन पळालेल्या मजुरांचे पैसे मी कुठून आणू. बीडकडून आलेल्या टोळीत एकदा कृषी पदविका झालेला मुलगा आईवडिलांबरोबर मोळ्या बांधताना भेटला. त्याला मी आमच्या चिटबॉयच्या (फडावर चिठ्ठ्या देणाऱ्याच्या) जागेसाठी सुचवले, पण त्याला घेतले नाही.

को ८६०३२ ही उसाची जात आजही आमच्या गटातल्या बहुतेक फडांत आहे आणि तिच्यावर मी परीक्षेत कितीतरी वेळा उत्तर लिहिले होते. आडसाली लागणीला सोळा-सतरा महिने झाले तरी पाळी आली नाही, की ते उत्तर शेतकऱ्यासमोर उभे राहून द्यावे लागते.

---

छाटणी | ६ ऑगस्ट, सकाळी ८.००

खोडवा, तुझा फोन नंबर बदलला आहे का? मी २०१९ मध्ये दोनदा लावला होता.

---

खोडवा | ६ ऑगस्ट, रात्री १०.१०

बदलला होता. व्यक्तिगत निरोपात नवा पाठवला आहे.

---

जुना_विस्तारक | ७ ऑगस्ट, सकाळी ११.४५

मी आपल्या वर्गाचा नाही. कृषी विभागातून निवृत्त होऊन चौदा वर्षे झाली, तरी धागा वाचून राहवले नाही म्हणून लिहितो.

आमच्या वेळी राहुरीचे विद्यापीठ नवे होते. ते १९६८ चे, अकोला १९६९ चे, परभणी आणि दापोली १९७२ ची. पदवी झाली की विभागात जागा मिळणारच, असे गृहीत असे. पुढे प्रशिक्षण व भेट योजना आली, तेव्हा ठरलेल्या दिवशी ठरलेल्या शेतकऱ्याच्या बांधावर जाणे एवढेच आमचे काम होते आणि त्यासाठी सायकल भत्ता मिळे. 'बांधावरून' यांनी अर्जांचे जे वर्णन केले आहे, ते वाचून मला आपल्यापेक्षा आमची नोकरी सोपी होती, हे मान्य करावे लागते. मात्र एक विचारतो, रागावू नका : आपल्या ६० जणांपैकी स्वतःच्या जमिनीवर पूर्णवेळ किती आहेत?

---

वाफसा | ७ ऑगस्ट, रात्री ९.००

काका, रागावण्याचे कारण नाही. माझ्या वहीत आतापर्यंत ४३ जणांचा पत्ता लागला आहे. पूर्णवेळ शेती करणारे ९ आहेत, आणि त्या नवांपैकी पदवीनंतर थेट शेतीत गेलेला एकच. बाकीचे आठ नोकरी सुटल्यावर, परीक्षा संपल्यावर किंवा घरातले कोणी आजारी पडल्यावर आले. शेती करणाऱ्यांत मुलगी एकही नाही. आम्ही १९ जणी होतो. आमच्या माहेरच्या सातबाऱ्यावर वाढीव गुण आम्हालाही मिळाले, पण त्या सातबाऱ्यावर आज आमच्यापैकी किती जणींची नावे आहेत, हे मी मोजायला घेतले आणि दोनवर थांबले. माझे स्वतःचे नाव नाही. भावाने हक्कसोडपत्राचे कागद आणले, तेव्हा मी सही केली. रोज दुसऱ्यांचे फेरफार वाचणारी मी आपला कागद न वाचता आले.

---

बांधावरून | ७ ऑगस्ट, रात्री ९.३५

दोनपैकी एक मी आहे. वडिलांनी सांगितले नव्हते, मला ई-फेरफारवर, म्हणजे जमिनीच्या ऑनलाइन नोंदींत, दिसले.

---

पाणकळा | ८ ऑगस्ट, मध्यरात्री १.२०

इथे नेदरलँड्समध्ये अजून रात्रीचे दहा वाजायचे आहेत.

माझी हजेरी लहान आहे. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची परीक्षा दिली, वनस्पती रोगशास्त्रात एम.एस्सी. केले, नंतर इथल्या वाखेनिंगन विद्यापीठात आणखी एक पदवी, आणि आता एन्कहाउझेनजवळ एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत बी तपासतो. टोमॅटोच्या फळांवर तपकिरी सुरकुत्या आणणारा एक विषाणू २०१९ मध्ये इथल्या काचगृहांत सापडला. तेव्हापासून निर्यातीच्या प्रत्येक खेपेतील ३,००० बियांचा नमुना दळून त्यात तो विषाणू आहे का, ते पाहणे, हेच काम. दिवसातून सहा वेळा हातमोजे बदलतो. शेत दिसते ते खिडकीतून, आणि तेही ट्यूलिपचे.

एक प्रसंग सांगतो. २०२० मध्ये जुन्नर-संगमनेर पट्ट्यात टोमॅटोची फळे एकसारखी पिकेनाशी झाली आणि शेतकरी त्याला 'तिरंगा' म्हणू लागले, तेव्हा नारायणगावजवळच्या माझ्या मामाने रात्री दोन वाजता फोन करून विचारले, 'तू तिकडे हेच शिकलास ना, मग सांग काय आहे.' फोटो पाहून मी म्हटले, नमुना तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. उत्तर शास्त्रीयदृष्ट्या योग्य होते. मामाने पीक उपटले आणि पुढे वर्षभर माझ्याशी बोलला नाही.

भेटायचे ठरवत असाल तर जुलै-ऑगस्ट ठेवा, तेव्हा मला सुट्टी मिळते.

---

छाटणी | ८ ऑगस्ट, सकाळी ६.५०

ऑगस्टमध्ये मला चालेल. सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत माझे नाव घेऊ नका.

---

बांधावरून | ८ ऑगस्ट, सकाळी १०.१५

पावसाळ्यात मला मुख्यालय सोडता येत नाही. अतिवृष्टी झाली की त्याच दिवशी पंचनाम्यांचे आदेश येतात.

---

खोडवा | ८ ऑगस्ट, दुपारी १.००

नोव्हेंबर ते मार्च गाळप. जुलै-ऑगस्टमध्ये आडसाली नोंदी. एप्रिल-मे मोकळा असतो.

---

वाफसा | ८ ऑगस्ट, रात्री ८.३०

मार्चअखेर माझी आणि जूनपासून पीककर्जाची घाई. सगळ्यांचे वगळून मे उरतो. रविवार, १० मे २०२६ ठरवू या. छाटणी, तेव्हा तुझी बाग खरड छाटणीनंतरच्या फुटींवर असेल, पण एक दिवस मजुरांवर सोडता येईल. पाणकळा, तुझी सुट्टी जुळली नाही, तर मामांना आमच्यापैकी कोणीतरी भेटून येईल, नारायणगाव वाटेतच आहे.

भोजनगृह वगैरे नको. महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रावर दुसऱ्या वर्षी आपल्याला पीक उत्पादनाच्या प्रात्यक्षिकासाठी जे वाफे वाटून दिले होते, त्या कडेच्या शेडमध्ये बसण्याची परवानगी मागितली आहे. डबे आपापले आणावेत. उरलेल्या १७ जणांपैकी कोणाचा पत्ता असल्यास इथे न लिहिता मला कळवावा. काका, आपल्यालाही निमंत्रण आहे.

---

छाटणी | ८ ऑगस्ट, रात्री ८.४५

येतो. काळा बेदाणा थोडा शिल्लक आहे, आणू का?

---

खोडवा | ८ ऑगस्ट, रात्री ११.३०

आण. मी कराडहून निघेन, वाटेत तुला फोन करतो.